काचवाल्या अण्णांकडून रीफ टँक बदलून घेतला : सांगलीतला अनुभव

सांगली-मिरजेत समुद्री टाकी (रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ पाळायची काचेची टाकी) नव्या टाकीत हलवून देणारं कोणी आहे का, हे मला हल्ली सारखं विचारलं जातं. आहे. सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या एका बोळात काचकाम करणारे अण्णा आणि त्यांच्या हाताखालची दोन पोरं हे काम करतात. दुकानाला पाटी नाही, पण ‘काचवाले अण्णा’ म्हटलं की कोपऱ्यावरचा चहावालाही बोट दाखवतो. टाकी तेच बनवतात, तेच बसवतात आणि जुन्यातलं सगळं नव्यात नेऊनही तेच देतात.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नमुने, रीडिंग आणि कॅलिब्रेशन यांत दिवस जातो. कोण मोजून काम करतं आणि कोण अंदाजाने, हे मला चटकन दिसतं. अण्णांची माणसं मोजून काम करतात. एवढ्यासाठी मी त्यांना कुणाकडेही बिनधास्त पाठवीन. तक्रारीही आहेत, त्या पुढे लिहिते.

माझी जुनी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच होती, म्हणजे काठोकाठ साधारण १९० लिटर. मागच्या कोपऱ्यात सिलिकॉनच्या जोडावर एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली. पुसली की जायची, दोन-तीन दिवसांनी परत हजर. खाली ओल नाही, थेंब नाही. पण समुद्री टाकीत गळती आधी मिठाच्या रूपाने दिसते. झिरपलेलं पाणी वाळून जातं, मीठ जागेवर राहतं. गोड्या पाण्याच्या टाकीत अशी गळती कित्येक महिने कळतही नाही.

आतून पुन्हा सिलिकॉन मारून भागेल का, असं मी आधी विचारलं. अण्णा घरी आले, बॅटरी मारून कोपरा बघितला, नखाने रेघ खरवडली आणि म्हणाले, “नवं सिलिकॉन काचंला धरतंय ताई, जुन्या सिलिकॉनला धरत न्हाई. जुनं सगळं ब्लेडनं काढायचं म्हटलं तर टाकी रिकामी करायलाच लागणार. मग रिकामी करायचीच हाय, तर परत ह्याच टाकीत कशाला भरताय?” हे बोलणं धंद्याचं वाटेल, पण तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. वाळलेल्या सिलिकॉनवर ताजं सिलिकॉन नीट चिकटत नाही.

त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. “दगडी प्रवाळ हायत का आत?” दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, सी फॅन हे सगळे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाच्या रांगेत. छंदाच्या दुकानांत यावर कुणी बोलत नाही. अण्णा मात्र आधी विचारतात आणि असतील तर काम घेत नाहीत. माझ्याकडे सगळे मऊ (दगडी सांगाडा नसलेले) प्रवाळ आहेत : झोअँथिड्स, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप्स आणि एक मोठा टोडस्टूल लेदर. शिवाय क्लाऊनफिशची जोडी, एक लॉनमोअर ब्लेनी (शेवाळ खाणारा मासा), एक क्लीनर कोळंबी, हर्मिट खेकडे आणि गोगलगायी.

नवी टाकी चार बाय दोन बाय दोन ठरली. सोळा घनफूट, म्हणजे सुमारे ४५० लिटर. अण्णांनी तिथेच कागदावर हिशोब मांडला : पाणी साडेचारशे किलोच्या वर, १२ मिलिमीटरची काच नव्वदेक किलो, दगड, वाळू, स्टँड धरून सहाशेच्या पुढे. आमचं घर विश्रामबागला, तळमजला, त्यामुळे जमिनीची काळजी नव्हती. तरी त्यांनी लेव्हल लावून फरशी तपासली आणि एका कोपऱ्यात उतार निघाला म्हणून स्टँडला खालून फिरवून उंची कमी-जास्त करता येतील असे पाय लावायला सांगितले. स्टँड चौकोनी पाइपचं, कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरकडून पावडर कोटिंगसह करून घेतलं. त्यावर जाड प्लाय आणि प्लायवर थर्माकोलची शीट, म्हणजे काचेखाली एखादा खडा जरी राहिला तरी तिथे ताण येत नाही.

टाकी तयार होताना मी दोनदा दुकानात जाऊन आले. तळाच्या काचेला पाइपांसाठीची भोकं डायमंड कोरने (हिऱ्याची धार असलेल्या गोल ड्रिलने), वरून पाण्याची बारीक धार सोडत, टाकी जोडायच्या आधीच पाडली होती. काच साधी फ्लोट वापरतात, टफन (तापवून कडक) केलेली नाही. टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की तिचा चुरा होतो. सिलिकॉनच्या नळ्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या. बाथरूमसाठी येणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, माशांच्या टाकीत ते चालत नाही. पोरांच्या हातून सरमिसळ होऊ नये म्हणून बाथरूमवाल्या कप्प्याला अण्णांनी कुलूप लावलंय. जोड आठवडाभर सुकू दिले, मग टाकी काठोकाठ भरून ठेवली. चारही कोपऱ्यांखाली वर्तमानपत्राचे कागद सरकवलेले होते. कागदावर थेंब पडला तर डाग वाळल्यावरही राहतो, रात्रीची गळती सकाळी लपत नाही. मी प्रत्येक कागद काढून उजेडात धरून बघितला. कोरडे होते, शाई कुठेही फुटलेली नव्हती.

आता हलवण्याबद्दल, कारण खरी परीक्षा तिथे असते. बऱ्याच लोकांना वाटतं की जुनं पाणी जपलं की टाकी जपली. मासे-प्रवाळांची घाण पचवणारे जिवाणू पाण्यात फारच थोडे असतात. ते राहतात दगडांच्या छिद्रांत. दगड ओले, हलत्या पाण्यात, योग्य तापमानाला राहिले तर टाकी जगते. ते वाळले किंवा थांबलेल्या पाण्यात गुदमरले तर अमोनिया (त्या घाणीतून तयार होणारं विष) चढतो आणि दोन दिवसांत सगळं हातातून जातं. अण्णांचं कामाचं वेळापत्रक सगळं दगडांभोवती बांधलेलं होतं, आणि मला त्यांच्या कामात सर्वांत जास्त आवडलं ते हेच.

नवं पाणी आधी तयार पाहिजे म्हणून त्यांनी आठवडाभर अगोदर आरओ-डीआयचं युनिट (पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार काढणारं यंत्र) भाड्याने आणून दिलं. घरच्या आरओचं पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या मशिनचं पाणी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) चाळीसच्या आसपास दाखवतं, कारण चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते. डीआयमधून निघालेलं पाणी शून्य दाखवत होतं. (आणि ज्यांच्या विहिरीला मचूळ पाणी आहे त्यांनी तेच टाकीत घालायचा विचार करू नये. आपल्याकडच्या क्षारपड रानातलं मीठ आणि समुद्राचं मीठ यांत क्षारांचं प्रमाण पूर्ण वेगळं असतं.) दोन निळे दोनशे लिटरचे ड्रम, खाण्याच्या पदार्थांसाठीचे, आधी कशाचे होते ते माहीत असलेले. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर काही क्षार तळाशी पांढरे होऊन बसतात. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मिश्रण. आत पंप आणि हीटर लावून रात्रभर फिरवत ठेवलं.

सकाळी धाकट्या पोराने रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) काढला आणि आधी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाण द्रावणाचा थेंब टाकून तो जुळवून घेतला. हे करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. बहुतेक जण नुसत्या आरओ पाण्यावर शून्य लावतात आणि मोकळे होतात. शून्य बरोबर असलं तरी ३५ ला चूक असू शकते, आणि आपल्याला मोजायचं असतं ३५ च्या जवळच. दोन्ही ड्रम आणि जुनी टाकी, तिन्हीचं रीडिंग त्याने खडूने ड्रमवर लिहिलं. तापमान २५. डिसेंबरातल्या सांगलीच्या थंडीत ड्रममधलं पाणी रात्री चांगलंच गार पडतं, त्यामुळे हीटर हवेच होते.

जुन्या टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी दगडांसाठी ठेवलेल्या वेगळ्या रिकाम्या ड्रममध्ये काढलं. मग दगड. एकेक दगड पाण्याखालीच हलकेच सोडवून, टबातून त्या ड्रममध्ये, हवा कमीत कमी लागेल असा न्यायचा. झोअँथिड्स असलेल्या दगडांसाठी दोघांनीही हातमोजे आणि डोळ्यांना चष्मे घातले. काही झोअँथिड्समध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. असे दगड ब्रशने घासणं किंवा गरम पाण्याने धुणं यामुळे लोक दवाखान्यात पोचलेले आहेत. मी सांगायच्या आधी मोजे हातात होते.

मासे पकडायची घाई त्यांनी केली नाही. दगड असताना जाळी घेऊन मागे लागलं तर मासे जीव तोडून पळतात. दगड निघाले, पाणी चार बोटं राहिलं, आणि क्लाऊनफिशची जोडी प्लास्टिकच्या डब्यात सहज आली. ब्लेनी मात्र दिसेना. वाळूत नाही, कोपऱ्यात नाही. थोरल्या पोराने मला थांबायला सांगितलं आणि दगडांच्या ड्रमवर वाकून एक-एक दगड पाण्याच्या वर जेमतेम उचलून, भोकं खाली करून धरला. मोठ्या सच्छिद्र दगडाच्या बोटभर बिळातून आधी पाण्याची धार आली, मग दोन फिरणारे डोळे दिसले. त्याने दगड हलवला नाही, नुसता धरून ठेवला. थोड्या वेळाने ब्लेनी घसरत बाहेर आला आणि टपकन पाण्यात पडला. जाळी लावली नाही, बिळात काडी घातली नाही. त्या पोराचं वय विशीच्या आतलं असेल. त्याला मी तिथेच शाबासकी दिली, इथेही देते.

वाळूवरून आमचं थोडं बोलणं झालं. माझी वाळू जुनी होती आणि मला ती ठेवायची होती. अण्णा म्हणाले, “ठेवा की, पण खालचं आधी बघा.” त्यांनी मागच्या बाजूला वाळूत खुरपी घातली आणि उलटी केली. वर पांढरी, खाली राखाडी, आणि तळाशी काळपट पट्टा. कुजलेल्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला. तो हायड्रोजन सल्फाइड. दाबून बसलेली घाण उकरून नव्या टाकीत नेली असती तर पहिल्याच रात्री अमोनिया वाढला असता. वरची ओंजळभर वाळू बीज म्हणून घेतली, बाकी टाकून दिली. नवी वाळू नळाच्या पाण्यात निवळ होईपर्यंत आणि शेवटी आरओ पाण्यात धुतली.

वीज जायची भीती मला जास्त असते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीची काय अवस्था झाली ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हा आमच्याकडेही वीज नव्हती आणि मी तांब्याने पाणी उचलून वरून सोडत मासे जगवले होते. त्यामुळे हलवताना मध्येच लाइट गेली तर काय, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर म्हणून त्यांनी बॅटरीवरचे एअर पंप दाखवले, प्रत्येक ड्रमला एक, आधीच लावलेले. नव्या टाकीत पाणी भरल्यावर त्यांनी मेन स्विच बंद करून बघितला. वरचं पाणी पाइपांतून सम्पमध्ये (खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत, जिथून पंप ते परत वर पाठवतो) उतरतं, ते किती चढतं याची मार्करने खूण केली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सम्प ओसंडला नाही, वर चांगली बोटभर जागा राहिली. परत येणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक आहे. लाइट गेली की तिथून हवा शिरते आणि उलटा सायफन (टाकीतलं पाणी त्याच पाइपातून खाली खेचलं जाणं) तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, दर महिन्याला टाचणी घालत जा, असं अण्णांनी मला दोनदा बजावलं. ओव्हरफ्लोला (वरचं पाणी खाली सोडणाऱ्या वाटेला) दोन पाइप आहेत, एक व्हॉल्व्ह लावलेला मुख्य आणि एक कोरडा, मुख्य तुंबला तरच चालणारा. यामुळे टाकीचा आवाज जवळजवळ येत नाही. हॉलमध्ये बसून बोलता येतं. सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोल देऊन बांधल्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं.

आता तक्रारी. सकाळी सातची वेळ ठरली होती, ते नऊ वाजून गेल्यावर आले. आधीच्या रात्रीपासून सगळं तयार ठेवून बसलेल्या माणसाला हे फार जाचतं, आणि काम संपायला अंधार पडला त्याचं कारणही तेच. फोन करून कळवलं असतं तरी चाललं असतं. दुसरं, त्यांनी लेखी काही दिलं नाही. टाकी, भोकं आणि सम्प मिळून २७ हजारांच्या आसपास आणि हलवण्याची मजुरी वेगळी, हे सगळं तोंडी. मी मागून घेतलं तेव्हा वहीच्या कागदावर तारीख आणि जोडांच्या गळतीची वर्षाची हमी लिहून सही केली. तुम्हीही आधीच मागा. तिसरं, खाऱ्या पाण्याच्या बादल्यांची ने-आण करताना फरशीवर सांडलेलं त्यांनी पुसलं, पण स्टँडचे पाय आणि दाराची कडी पुसायची राहिली. मीठ लोखंड खातं. मी ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगायला हवी होती, ती सांगितली नाही : प्रकाश. नवी टाकी खोल आहे, पण पाणी जुन्यापेक्षा कितीतरी निवळ, त्यात प्रवाळांची जागा बदललेली. पहिल्याच दिवशी दिवा पूर्ण लावला तर प्रवाळ पांढरे पडू शकतात. मी दिवा निम्म्यावर आणला आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवला. दुकानात मिळणारी जिवाणूंची बाटली मात्र ते घ्या म्हणत होते, ती मी घेतली नाही. जिवंत (म्हणजे जिवाणू असलेले) दगड व्यवस्थित आले असताना तिची गरज नसते, असं माझं मत आहे.

रीडिंग मी पहिल्या दिवसापासून घेतली. अमोनिया दुसऱ्या दिवशी ०.२५ पर्यंत गेला आणि लगेच उतरला. जुन्या पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची क्षमता, ती डीकेएचमध्ये मोजतात) ८ डीकेएच, नव्या मिश्रणाची ११ च्या आसपास, मिसळून दहाच्या जवळ आली. मऊ प्रवाळांना ते चाललं. झोअँथिड्स दुसऱ्याच सकाळी उघडले. टोडस्टूल लेदर मात्र बंद होऊन बसला आणि त्याच्या अंगावर मेणचट पापुद्रा आला. बघणाऱ्याला वाटेल की गेला. लेदर असं करतोच. प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवला, तो पापुद्रा सापाच्या कातीसारखा सुटून गेला आणि त्याने पुन्हा पॉलिप्स (फुलासारखी छोटी तोंडं) काढले. नव्या वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) आले, ते येणारच, काही आठवड्यांत आपोआप ओसरले. अण्णांचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. “अमोनिया कितीवर हाय?” म्हणून विचारलं, आकडा ऐकून “बरोबर हाय, खायला कमी घाला,” म्हणाले. काम झाल्यावर आपणहून आकडा विचारणारं माणूस मला या धंद्यात आधी भेटलं नव्हतं.

दर महिन्याच्या देखभालीचं काँट्रॅक्टही ते घेतात. मी घेतलं नाही, कारण टेस्ट आणि पाणी बदलणं मला स्वतःला करायला आवडतं. ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर विचारावं. पहिलीच समुद्री टाकी लावणार असाल तर टाकी त्यांच्याकडून घ्या, पण मासे किमान महिना-दीड महिना आणू नका. हे अण्णा स्वतःही सांगतील आणि ऐकलं नाहीत तर पुढचं काम घेणार नाहीत. मार्चनंतर चालू टाकी हलवायचं काम ते घेत नाहीत, कारण उन्हाळ्यात ड्रममधलं पाणी दुपारी हाताबाहेर तापतं. दिवाळीनंतरच्या तारखा लवकर भरतात. दुपारी फोन उचलत नाहीत. संध्याकाळी सहानंतर दुकानात जाऊनच बोला, आणि जाताना टाकीच्या मागच्या बाजूचा, पाइप आणि सॉकेट दिसतील असा फोटो घेऊन जा, ते पहिल्यांदा तोच मागतात.